शोधण्याचे पैसे

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका गॅरेजसमोर उभं राहून मी पाचशे रुपयांवरून हुज्जत घातली. बिल वहीच्या फाडलेल्या पानावर होतं. गॅस्केट ३२०, नट-वॉशर ४०, लेबर ६००, आणि सगळ्यात खाली 'चेकिंग' ५००. पहिल्या तीन आकड्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. चौथा बघितला आणि म्हटलं, "मामा, हे चेकिंगचे वेगळे पाचशे कसले? लेबर तर लावलंयत की."

मामांनी चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रागाने नाही. साधारण ज्या नजरेने मी क्लायंटकडे बघतो, तो "एवढंच तर बदलायचंय, त्याला तीन दिवस कशाला?" असं विचारतो तेव्हा, त्या नजरेने.

ही नजर ओळखीची वाटली म्हणून आज लिहायला बसलोय. पण आधी गाडीची कहाणी सांगायला हवी, नाहीतर त्या पाचशे रुपयांची किंमत कळायची नाही.

गाडी माझी २०१४ ची. पेट्रोल, साधी हॅचबॅक, कुठलाही तोरा नाही. दिवाळीनंतर एक दिवस डॅशबोर्डवर तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती नीट. फक्त सोळाचं ॲव्हरेज तेरावर आलं होतं आणि सकाळी सुरू केल्या केल्या पेट्रोलचा किंचित वास यायचा. बायको म्हणाली, दाखवून आण. मी शहाण्या माणसासारखा अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या टायवाल्या मुलाने गाडीला स्कॅनर लावला, पाच मिनिटांत परत आला आणि म्हणाला, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. कॉम्प्युटरवरच आलंय."

कॉम्प्युटरवरच आलंय! आता कॉम्प्युटरवर काय काय येऊ शकतं हे ज्याला गेली चौदा वर्षं पगार घेऊन माहिती आहे, तो माणूस हे ऐकून गप्प बसला. सेन्सर, लेबर, जीएसटी सगळं मिळून साडेसात हजार. दिवा विझला. मी फक्त एक गोष्ट बरोबर केली: जुना सेन्सर मागून घेतला. (ही आमच्या वडिलांची सवय. स्कूटरचा प्लग बदलला तरी जुना प्लग घरी यायचा. आमच्या माळ्यावर अशा मृत वस्तूंचं एक छोटं संग्रहालय होतं.)

नऊ दिवसांनी दिवा परत लागला.

आता हे नऊ दिवस कुठून आले ते बघा, कारण यातच बरीचशी गंमत आहे. पार्ट बदलला की मेकॅनिक स्कॅनरवरून कोड पुसतो. कोड पुसला की दिवा विझतो, आणि बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाच्या कॉम्प्युटरने आतापर्यंत शिकलेलं मिश्रणाचं गणितही पुसलं जातं. मग तो बिचारा पहिल्यापासून शिकायला लागतो. त्यात अशा प्रकारचा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दिसल्याशिवाय दिवा लावायचा नाही असा त्याचा नियम, आणि फेरी म्हणजे नुसती किल्ली फिरवणं नव्हे, ठरावीक तपासण्या पूर्ण होतील इतकी चालवलेली फेरी. माझं घर ते ऑफिस सहा किलोमीटर. म्हणजे दोष जागच्या जागी असताना काही दिवस दिवा बंद राहणारच होता. दिवा विझला याचा अर्थ रोग गेला असा नसतो, केसपेपर फाडला एवढाच असतो. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर डॅशबोर्ड हिरवा होतो तसं.

मग मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. (हा जागा झाला की घरचे लोक घाबरतात.) सातशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल मागवला, तो ईएलएम ३२७ नावाने मिळणारा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर इंजिनाच्या आतली सगळी बातमी दिसायला लागते. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ही ओबीडीची सोय २०१० पासून आली, आणि तिचा पुढचा टप्पा २०१३ पासून. म्हणजे साधारण दशकभरातली तुमची गाडी असेल तर हे सॉकेट तुमच्याकडेही आहे आणि बहुतेक तुम्ही त्यावर गुडघा आपटलेला आहे.

कोड होता पी-०१७१. याचा अर्थ 'मिश्रण फार विरळ': हवा जास्त, पेट्रोल कमी. परत एकदा वाचा. यात 'सेन्सर' हा शब्द कुठेच नाही! सेन्सरचे कोड वेगळे असतात. पी-०१३५ आला तर सेन्सरच्या आतला हीटर किंवा त्याचा फ्यूज, वायरिंग बघायचं. पी-०१३३ आला तर सेन्सर सुस्त झालाय अशी शंका घ्यायला जागा आहे. आणि तिथेही ती शंकाच असते. पी-०१७१ तर सरळसरळ निरोप आहे. सेन्सर म्हणतोय, "धुरात ऑक्सिजन फार उरतोय हो." आणि आपण काय केलं? निरोप्यालाच घरी पाठवून नवीन निरोप्या आणला. नऊ दिवसांनी त्यानेही तोच निरोप दिला.

हा सेन्सर काय करतो ते मला आमच्या आजीवरून सगळ्यात चांगलं समजतं. रात्री सगळे जेवून उठले की आजी पातेलं उघडून बघायची. भात उरलाय? म्हणजे कालवण कमी पडलं. उद्या कालवण थोडं जास्त. भात चाटूनपुसून संपलाय? म्हणजे कालवण जास्त झालं, उद्या कमी. ती कालवणाच्या पातेल्यात बघायचीच नाही. फक्त भात. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो उरलेला ऑक्सिजन बघतो आणि त्यावरून इंजिनाचा कॉम्प्युटर पुढच्या घासाचं पेट्रोल ठरवतो. हे सेकंदा-दोन सेकंदांनी, अखंड. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्या आकड्याच्या अगदी आसपास राहिलं तरच सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिघांचाही एकाच वेळी बंदोबस्त करू शकतो. थोडं इकडे झालं की एक सुटतो, तिकडे झालं की दुसरे दोन.

आत असतं झिर्कोनियाचं एक छोटंसं टोपण, म्हणजे एक प्रकारची चिनीमातीच म्हणा. बाहेरून धूर, आतून बाहेरची स्वच्छ हवा. तीनेकशे अंशांच्या वर तापलं की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, भरपूर असेल तर ०.१. यामागचं समीकरण वाल्थर नर्न्स्ट यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्यांना पुढे १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गाडीत ही वस्तू पहिल्यांदा बसली १९७६ मध्ये, बॉशचा सेन्सर आणि व्होल्वोची गाडी. जवळजवळ पन्नास वर्षं ही भानगड मूळ तत्त्वात बदललेली नाही. आपल्या धंद्यात पन्नास महिने टिकलेली गोष्ट दाखवा!

असो. तर आता आजीच्या पातेल्यात शेजारणीने खिडकीतून हात घालून मूठभर भात टाकला तर? आजी म्हणणार, अरे, एवढा भात उरला! उद्या कालवण वाढवा. परवा अजून वाढवा. घरातले लोक कालवणात बुडायची वेळ आली तरी आजीचं गणित चालूच. आणि चूक आजीच्या डोळ्यांची नाही. भात खरंच आहे पातेल्यात. कोणी टाकला, हे तिला दिसत नाही.

किंवा घरातलं एक पोरगं रुसून जेवलंच नाही, तर? भातही उरला, कालवणही उरलं. पण आजी बघणार फक्त भात, आणि म्हणणार कालवण कमी पडलं. एखाद्या सिलिंडरचा प्लग ठिणगी टाकेनासा झाला की नेमकं हेच होतं: न जळलेलं पेट्रोल धुरातून वाहतंय आणि सेन्सर ओरडतोय 'विरळ, विरळ'. म्हणजे 'विरळ' या एका शब्दामागे किती वेगवेगळे गुन्हेगार असू शकतात बघा. हवा कुठून तरी घुसतेय, पेट्रोलचा पंप दमलाय, इंजेक्टर तुंबलाय, प्लग गेलाय, धुराची नळी फुटलीय. आणि हो, कधीकधी सेन्सरही. तोही मरतो, अमर नाही. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यावर राख बसते, भलत्याच जागी सिलिकॉन फासलं तर त्याला विषबाधा होते. पूर्वी शिसंवाल्या पेट्रोलने व्हायची, पण ते आपल्याकडे २००० साली हद्दपार झालं.

डोंगल हातात आल्यावर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पहिल्याच दिवशी मोबाइलवर दोन सेन्सर दिसले. पुढचा आणि मागचा. मागच्याची रेघ ०.७ वर सरळसोट पडलेली, हालचाल नाही. मी बायकोला हाक मारून सांगितलं, "हा बघ, मागचा सेन्सर मेलाय! बदलला पुढचा!" सर्व्हिस सेंटरला खरमरीत ईमेलसुद्धा लिहून ठेवली. नशीब, पाठवली नाही. कारण मागचा सेन्सर कन्व्हर्टरच्या पलीकडे असतो आणि त्याची रेघ स्थिर असणं हीच त्याची तब्येत ठणठणीत असल्याची खूण. तो नाचायला लागला तर काळजी करायची. नाचायला हवा तो पुढचा: वर, खाली, वर, खाली, दहा सेकंदांत अनेकदा.

पुढचा माझा नवाकोरा सेन्सर नाचत नव्हता. गाडी जागेवर सुरू असताना ०.१ वर पडून होता, मधूनच एखादी उसळी. आणि पेट्रोलची दुरुस्ती, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच्या मूळ अंदाजापेक्षा किती जास्त पेट्रोल टाकतोय तो आकडा, अधिक २३ टक्के. सोळाचे तेरा कसे झाले याचा हिशोब तिथेच लागला.

मग मी दुसरा सिद्धान्त काढला: इथेनॉल. सध्या गाडीला शिंक आली तरी ई-२० चं नाव घ्यायची पद्धत आहे, मीही घेतलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते, एका किलोला साधारण ९ किलो. वीस टक्के मिसळलं की १४.७ चं प्रमाण साडेतेराच्या जवळ येतं. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर जमवलेल्या गणिताला आठ-नऊ टक्के जास्त इंधन टाकावं लागणार. हे खरं आहे, आणि माझ्या जुन्या गाडीत त्यातले काही टक्के ई-२० चेच असणार. पण आठ-नऊ म्हणजे तेवीस नव्हेत. उरलेल्या चौदा टक्क्यांचं काय? मी ते चौदा टक्के सोयीस्करपणे विसरलो आणि चार दिवस ऑफिसमध्ये जेवणाच्या टेबलावर सरकारी धोरणावर बोलत राहिलो. रागावण्यासाठी मोठी गोष्ट हाताशी असली की लहान गोष्ट तपासायचा कंटाळा येतो.

शेवटी एका मित्राने मामांचं गॅरेज सुचवलं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, दोन पोरं आणि एक मांजर. मी ऐटीत मोबाइल पुढे केला. ग्राफ, आकडे, सगळं. मामांनी चष्मा वर करून बघितलं. मला वाटलं होतं म्हणतील, 'हे आम्हाला काय कळतंय'. तसं काही म्हणाले नाहीत. आकडे त्यांना चांगले कळत होते. त्यांनी पोराला सांगून एक प्लग काढला. प्लगचं टोक काजळी धरलेलं, काळं कुळकुळीत.

"कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी पडतंय," मामा म्हणाले. "प्लग म्हणतोय पेट्रोल उतू जातंय. दोघं खरं कसं बोलतील साहेब?"

माझ्याकडे तीन आठवडे ग्राफ होता. प्लग काढून बघायचं डोक्यात आलं नव्हतं. एकाच लॉगवर विसंबायचं नाही, दुसऱ्या स्वतंत्र जागेवरून पडताळायचं, हे मी नवीन मुलांना दर सहा महिन्यांनी शिकवतो. स्लाइड आहे माझी त्यावर.

मग त्यांनी मला ॲक्सिलरेटर दाबून आवाज वाढवायला सांगितला. अडीच हजार फेऱ्यांवर गेल्याबरोबर सेन्सर नाचायला लागला. सोडला की परत झोपला. "नवा सेन्सर चांगला आहे," मामा म्हणाले. "जुना आणलाय का?" डिकीत होता. चार वायरी: दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी तिच्या जोडीची. मल्टिमीटर काळी-करडीला लावला, सेन्सरचं टोक गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत धरलं. अर्धा-पाऊण मिनिट काही नाही. मग आकडा चढायला लागला: ०.३, ०.६, ०.८. ज्योतीतून बाहेर काढला, धपकन खाली. परत आत, परत वर. साडेसात हजारांना ज्याला काढून टाकलं तो सेन्सर माझ्यासमोर ठणठणीत काम करत होता. (घरच्या शेगडीवर हा प्रयोग करू नका. मी करणार होतो, बायकोने चिमटा हिसकावून घेतला.)

"आज गाडी इथेच ठेवा," मामा म्हणाले. "सकाळी सात वाजता या. मला ती थंड असताना ऐकायचीय."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. सर्व्हिस सेंटरला गाडी नेहमी चालवत जाते, म्हणजे गरम जाते. तिथे थंड गाडीचा आवाज कोणी कधी ऐकलेलाच नसतो.

सकाळी सात वाजता मामांनी रबरी पाइपचा हातभर तुकडा एका कानाला लावला आणि पोराला किल्ली फिरवायला सांगितलं. पाइपचं दुसरं टोक इंजिनाच्या मागच्या बाजूने सरकवत नेलं. एका जागी थांबले, पाइप माझ्या कानाला दिला. टिक-टिक-टिक-टिक, बारीक, एखादी पाल चुकचुकावी तसं. पोराने ओल्या फडक्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबला. टिकटिक एकदम फडफड झाली. मग इंजिन जसं तापत गेलं तसा आवाज विरत गेला आणि चार मिनिटांत जवळपास नाहीसा झाला. लोखंड तापून फुगतं, फट बरीचशी मिटते. बरीचशी, पूर्ण नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाला जिथे बसतो तिथलं गॅस्केट जळालं होतं. एक नट गायब, शेजारचा ढिला, आणि फटीतून काजळीचा काळा ओघळ आलेला. सेन्सरच्या आधी. धूर काही सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिन हळू फिरत असताना हे जास्त, वेग वाढला की कमी. म्हणूनच अडीच हजार फेऱ्यांवर सेन्सर जागा होत होता. ती सगळी माहिती माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये तीन आठवडे पडून होती. शेजारीण, खिडकी, मूठभर भात! आणि ई-२० ने आधीच थोडं वर चढवलेलं गणित या फटीने कडेलोटाला नेलं. (मधल्या काळात माझी पीयूसीही होऊन गेली होती. पास, अर्थातच. कन्व्हर्टर इमानाने सगळं सावरत होता.)

तर मुद्दा असा की, गॅस्केट ३२० रुपयांचं होतं आणि बदलायला दीड तास लागला. ती बदलायची आहे हे कळायला एक संध्याकाळ, एक रात्र, एक सकाळ आणि मामांची तीसेक वर्षं लागली. आणि मी त्यातल्या कशावर आक्षेप घेतला? तर त्यावर.

आमच्याकडे दोनेक वर्षांपूर्वी एका सिस्टिममध्ये रोज दुपारी डेटाबेसचे टाइमआउट यायला लागले. अलर्टमध्ये डेटाबेसचं नाव, म्हणून दोनदा डेटाबेसचं मशीन मोठं केलं. महिन्याचं बिल वाढलं, दुखणं तसंच. शेवटी आमच्यातल्या एका मुलीने अडीच दिवस बसून शोधलं की रिपोर्ट बनवणारा एक भलताच प्रोग्रॅम कनेक्शन उघडून बंद करायला विसरतोय. दुरुस्ती एका ओळीची. तिला कोणी म्हणालं नाही की, एका ओळीचे किती पैसे लावतेस? उलट अप्रेझलमध्ये ती ओळ फ्रेम करून लावायची बाकी ठेवली. मला जो पगार मिळतो त्यातला, प्रामाणिक हिशोब केला तर, निम्म्याहून जास्त शोधण्याचाच असतो. टाइप करायचे पैसे फार थोडे.

पण हाच मी गॅरेजमध्ये गेलो की मला हातात पार्ट लागतो. खोक्यातला, बारकोडवाला. त्याचे साडेसात हजार मी चूं न करता देतो, कारण काहीतरी 'मिळालं'. निदानाचे पाचशे मात्र मला लूट वाटते, कारण त्यात काही मिळालं नाही, फक्त कळलं.

म्हणून सर्व्हिस सेंटरच्या त्या टायवाल्या मुलावर आता माझा फारसा राग राहिलेला नाही. त्याच्यापुढे दिवसाला पंधरा-वीस गाड्या. प्रत्येक कामाला बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ठरलेली ओळ आहे, 'रात्रभर गाडी ठेवून सकाळी ऐकणे' अशी ओळ त्यात नाही. समजा त्याने दोन तास शोधलं आणि काहीच सापडलं नाही, तर त्या दोन तासांचे पैसे तुम्ही द्याल? मी दिले नसते. "काही केलं तर नाही, पैसे कसले?" म्हणून मॅनेजरला बोलावलं असतं. मग तो पार्ट बदलेल नाहीतर काय करेल? आपण ज्याचे पैसे देतो तेच आपल्याला मिळतं.

यावर एक मित्र म्हणाला, बाहेर सगळीकडे पार्टच बदलतात, शोधत बसणं परवडत नाही. मान्य. जिथे मेकॅनिकचा तास महाग आणि पार्ट त्यामानाने स्वस्त, तिथे दोन संशयितांना सरळ बदलून टाकणं शहाणपणाचं असेल. आपणही एखादा सर्व्हर रात्री दोन वाजता शोधत न बसता रीस्टार्ट करतोच, आणि त्यात काही पाप नाही. पण आपल्याकडे गणित उलटं आहे. सेन्सर हजारांत, शोध शेकड्यांत. तरीही आपण महाग मजुरीच्या देशाची सवय उचलली आणि तिला 'प्रोफेशनल' म्हणायला लागलो. च्यायला, स्वस्त गोष्ट वाचवायला महाग गोष्ट फेकतोय आपण.

आणि डोंगल? घ्या की. पण तो वापरून मेकॅनिकला शिकवायला जाऊ नका, विचारायला जा. 'सेन्सर गेलाय' असं कोणी म्हटलं तर 'कशावरून?' एवढं विचारा. 'कॉम्प्युटरवर आलंय' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. 'ज्योतीत धरला, व्होल्टेज चढलं नाही' हे होऊ शकतं. 'जागेवर निपचित, वेग वाढवला तरी निपचित, हीटर तपासला, फट तपासली' हेही. आणि असं उत्तर देणारा भेटला तर त्याला आधीच सांगा की सापडलं नाही तरी तुमच्या वेळेचे पैसे देईन. हे म्हणायला जड जातं, मी परवा एसीवाल्याला म्हणून बघितलं. तो दोन मिनिटं संशयाने माझ्याकडे बघत होता.

तर त्या शनिवारी. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मलाही आपलं बोलणं ऐकू यायला लागलं. मी खिशातून पैसे काढले, पूर्ण दिले. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सगळेच कटकट करतात का हो चेकिंगच्या पैशावरून?"

"करायला लिहितो कुठे मी," मामा म्हणाले. "चेकिंगचे गॅस्केटमध्ये मिळवतो. गॅस्केट आठशे वीस म्हटलं की कोण काही बोलत नाही. तुम्ही कॉम्प्युटरवाले म्हणून वेगळं लिहिलं. म्हटलं, तुम्हाला कळेल."

मी गाडी काढली. आता सेन्सर व्यवस्थित नाचतोय, ॲव्हरेज साडेपंधरावर आलंय, पेट्रोलची दुरुस्ती अधिक ७ वर स्थिरावलीय. ते सात इथेनॉलचे असावेत, त्यांच्याशी माझं आता भांडण नाही. जुना सेन्सर मामांच्या सांगण्यावरून फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलाय. चांगला आहे, म्हणाले, लागेल कधीतरी.